कपाच्या तळाची तीन वाक्यं

ठेव तो कप. खाली ठेव, इद्रिस — आत बघू नकोस म्हटलं ना! ...बघितलंस. बरं, बघितलंस तर बघितलंस. हो, माझंच अक्षर. तिसऱ्या अंकातली तीन वाक्यं आहेत, तळाशी, पेन्सिलीने — कप तोंडाशी नेतो, वाचतो, बोलतो. म्हणून तर रिकामा कप मागतो मी, आणि तुम्हाला वाटतं, म्हातारा चहा सांडेल म्हणून घाबरतो! दार लाव. बस. आणि शिट्टी वाजवू नकोस, रंगपटात शिट्टी म्हणजे अपशकून, माहितीये ना?

विसरतो म्हणजे? कोण विसरतं? साठ वर्षं झाली — लिव्हरपूल, ब्रिस्टल, लंडन, आता हे ब्राइटन — राजे केले, न्यायाधीश केले, सव्वीस सिनेमांत पहिल्या अर्ध्या तासात मेलो, टीव्हीवर नऊ वर्षं इन्स्पेक्टर होतो, अजून ती मासळीवाली ओरडते, ‘इन्स्पेक्टरसाहेब, हॅडॉक ताजा आहे!’ एक वाक्य चुकलं नाही कधी. ...काल? काल चुकलं. तू समोरच होतास, तुझ्यापासून काय लपवायचं — दार उघडलं, तू आत आलास, आणि डोक्यात काही नाही. काही म्हणजे काहीच नाही, स्वतःचं नावसुद्धा नाही. अकरा सेकंद, म्हणे. मग हातातला कप दिसला, म्हणून वाचलो. आणि लोक टाळ्या वाजवतात! काय थांबला म्हातारा, काय अभिनय! अरे कसला अभिनय, विजार ओली व्हायची बाकी होती.

भीती वाटते रे मला. मरणाची नाही, ते सव्वीसदा झालंय — त्या दाराची वाटते. दुपारी जेवण जात नाही. पूर्वी विंगेत पुस्तक घेऊन प्रॉम्प्टर बसायचा, आता कुठला प्रॉम्प्टर! आता तूच. नाटकात माझा मुलगा तू, माझा बदली नटही तू, माझी अख्खी भूमिका तुला पाठ, आणि उभा असतोस दोन पावलांवर. अडलो तर सांगशील ना? हळूच, ओठ न हलवता? सांगशील. चांगला मुलगा आहेस तू.

का विचारतो? असंच. ...हा मेकअपचा डबा बघ, लॉरिमरसाहेबांचा. बावीसचा होतो मी, ब्लॅकपूलला, नाटकात त्यांचा मुलगा आणि त्यांचा बदली नट, दोन्ही मीच — तुझ्यासारखाच. दुपारच्या खेळाला ते अडले. प्रॉम्प्टर बिचारा ओरडतोय, पण साहेबांचा त्या बाजूचा कान गेलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलाखतींत सांगतो ना मी, माझंही डोकं रिकामं झालं, पोरगाच होतो, बावचळलो — बायकोलाही तेच सांगितलं, ती गेली तोवर तेच. ...त्यांचं वाक्य होतं माझ्याकडे. जिभेवर होतं. ‘दिवा आण, बाहेर कुणीतरी आहे.’ एवढंच. नाही बोललो. पडदा पडेपर्यंत गप्प उभा राहिलो. दुसऱ्या दिवसापासून भूमिका माझी, आणि त्याच आठवड्यात लंडनचा निर्माता बघायला आला — येणार हे ठाऊक होतं मला. महिन्याने साहेबांनी हा डबा पाठवला, आत चिठ्ठी, ‘घाबरू नकोस, हेडली, होतं असं नवख्याचं.’ खरं वाटलं रे त्यांना! परत कधी रंगमंचावर आले नाहीत ते.

हे कशाला सांगितलं मी तुला? नव्हतं सांगायचं. विसर. ...आज टीव्हीवाल्या बाई येणार आहेत म्हणे नवा नट शोधायला, चौथ्या रांगेत. तुला माहीत होतं? ...होतं? कधीपासून? असा बघू नकोस, इद्रिस. बोल ना काहीतरी. सांगेन म्हण. नुसतं ‘हो’ म्हण. हे असं गप्प राहणं मला चांगलं ठाऊक आहे, राजा.

झाली घंटा. जा, विंगेत जाऊन उभा राहा, मी येतोच. मला काही झालेलं नाही, हात असेच थंड असतात माझे. जा म्हटलं ना! — पण कप ठेव. इद्रिस, तो कप ठेवून जा. इद्रिस —