यल्लप्पा मध्ये पडला म्हणून

पंचाला शिव्या घालताय, घाला. पण शहात्तर-सत्त्याहत्तरला सोलापुरात मीच पंच होतो. गिरणीवाले विरुद्ध रेल्वेवाले असा फुटबॉलचा सामना होता. शेवटच्या मिनिटाला चेंडूला हात लागला म्हणून मी गिरणीविरुद्ध पेनल्टी दिली आणि गिरणी हरली. तिच्या पाठीराख्यांनी मला घेरलं. एकानं कॉलरच धरली.

"हात कुटं लागला? सांग की!"

तेवढ्यात गिरणीचाच गोलकीपर यल्लप्पा गर्दीत घुसला. "सोडा त्यांना. हात लागलाय. मी समोरच हुतो."

कॉलर सुटली. त्यानं मला सायकलवर डबलसीट घरी सोडलं. माझे डोळे भरून आले.

"यल्लप्पा, तू नसतास तर माझं काही खरं नव्हतं."

"ते ऱ्हाऊ द्या, सर. पण पहिल्या हाफात आमचा गोल तुमी ऑफसाइड दिला, त्यो न्हवता बरं का!"