मापाऱ्यानं पाट्यावर पाय ठेवू नये

आमचं गाव मोताळ्यापासून दोन कोसावर, गावाचं नाव नका लिहू भाऊ, लोक उगीच इचारत बसतीन. माहा बाप जिनिंगमंदी हमाल, कापसाचे बोरे वाहून वाहून त्याच्या पाठीले घट्टे पडले होते, आन मी त्याचा एकुलता एक, आता माह्याकडं पाहून तुम्हाले खरं नाई वाटनार, पन लहानपनी मी इतका बारीक होतो की माय म्हने, वारं सुटलं की याच्या खिशात गोटे टाकत जा. शाळा नववीपर्यंत झाली, पुढं डोकं चाललं नाई. मंग बापानं मले जिनिंगवरच्या मापाऱ्याच्या हाताखाली लावून देलं.

मापारी म्हनजे काट्यावरचा मानूस. शेतकऱ्याचा कापूस येते, रुईच्या गाठी बाहेर जाते, सगळं काट्याच्या पाट्यावर चढते आन वजन त्याच्या तोंडून निघते. तो मापारी म्हनजे गोविंदा काका. सख्खा नव्हता, सारे काकाच म्हनत. लय कडक मानूस. पहिलं माप टाकलं की एक म्हनायचं नाई, लाभ म्हनायचं, लाभ, दोन, तीन, असं मोजायचं, चुकून एक म्हनलं त पाठीत धपाटा. हे त सगळे मापारी करते. पन काकाचा एक नेम वेगळाच होता. तो म्हने, काटा ज्याच्या हातात हाये त्यानं पाट्यावर पाय ठेवू नये. मी इचारलं, काऊन हो काका? त तो म्हने, काटा मानसाले ओळखते बे, एकदा ओळखलं की सोडत नाई. दिवसभर काट्यापाशी उभा राहनारा मानूस, पन आपलं वजन किती हे त्याले माहीत नव्हतं. मंग मलेही कुठून माहीत असनार?

आता जे सांगतो ते म्या आजपर्यंत बायकोलेही नाई सांगितलं. मी एकोनीस वर्साचा असीन. हंगाम संपला होता, शेवटची गाठ गाडीत चढली, हमाल लोकाइनं शेव-चिवडा आनला होता, सारे हसून खेळून राह्यले होते. काका त्या साली लय खंगला होता, खोकला जात नव्हता, सदरा असा लोंबे अंगावर. मले मस्ती आली. म्हनलं काका, आज तुमचं माप घेऊ. तो म्हने नको रे. मी ऐकलं नाई. मागून काखेत हात घातले आन पोतं उचलते तसा उचलला न ठेवला पाट्यावर, आन वरतून मोठ्यानं ओरडलो, लाभ! सारे हसले. काटा थांबला अडतीसवर. अडतीस किलो, भाऊ. सहा फूट मानूस. हसनं बंद झालं सगळ्याइचं. काका काट्याकडं पाहत राह्यला, मंग मले म्हने, झालं का माप? आन हळूच उतरून घरी गेला. आठ दिवसांत काका गेला. डॉक्टर म्हने छातीचा रोग होता, उशीर झाला होता, कधीही जानारच होता. लोक म्हनले हाव, रोगच होता. पन काखेत हात घालनारा त मी होतो ना.

तवापासून मी खायले लागलो. कोनी मले हलका म्हनू नये बस. भाकर उरली की मी खाल्ली, लग्नाच्या पंगतीत मी शेवटी उठलो. आरशात गाल भरलेले दिसले की बरं वाटे, वाटे की चला, मरन लांब हाये. काटा माह्या हातात आला, मी मापारी झालो, लग्न झालं, पोरगी झाली, आन मी वाढतच गेलो. हमाल मले गाठ म्हनत, रुईची गाठ एकशे सत्तर किलोच्या आसपास भरते म्हनून. मी हसत जाय. पाट्यावर पाय मातर कधी ठेवला नाई, काकाचा नेम होता न. सांगा बरं, उभा जन्म काट्यापाशी गेला आन आपन किती झालो याचा पत्ता नाई, असा मानूस पाह्यला का तुम्ही कुठं?

मंग पन्नाशीत दम लागायले लागला. दोन पायऱ्या चढलं की डोळ्यापुढं अंधेरी. बसल्या बसल्या झोप लागे आन झोपेत श्वास थांबे, माही बायको कुसुम घाबरून मले हालवून उठवे. आमची पल्लवी नर्सिंग शिकलेली, शहरात दवाखान्यात नोकरीले हाये. ती आली न म्हने, बाबा, चला. मले घेऊन गेली मोठ्या डॉक्टरकडं. तिथी मी जिंदगीत पहिल्यांदा काट्यावर उभा राह्यलो. एकशे बासष्ट. डॉक्टर म्हने, पोट लहान करायचं ऑपरेशन करावं लागन, नाईतर फार वर्सं नाई काढनार तुम्ही. पन आज नाई करत, म्हने. असंच टेबलावर घेतलं त भूल झेपनार नाई. तीन महिने रोज चाला, ह्या नळीतून श्वास ओढून डब्यातल्या तीन प्लॅस्टिकच्या गोळ्या वर उचला, जेवन सांगतो तेवढंच, आन दीडशेवर येऊन दाखवा. दर आठवड्याले वजन घ्या आन लेकीले कळवा.

घरी जो काचेचा काटा पल्लवीनं आनला तो दीडशेच्या पुढं मोजतच नाई. ती म्हने, बाबा, तुमच्या जिनिंगवर गाठीचा काटा हाये ना, त्याच्यावर उभं राहा. तिले काय माहीत. मी म्हनलं, हाव.

उन्हाळ्यात जिनिंग बंद राहते. शेठनं मले राखनदारीले ठेवलं होतं, म्हनून चाव्या माह्यापाशीच. सकाळी सूर्य निघाला की मी फाटकापासून चालायले लागे, गाठीच्या गोदामाले वळसा, मशीनच्या शेडमागून परत फाटकापाशी, ही एक फेरी. पहिल्या दिवशी अर्धी फेरी झाली आन मी हौदाच्या कठड्यावर बसून लेकरासारखा रडलो. मंग हळूहळू दोन झाल्या, पाच झाल्या. मोजायचं कसं, त आपलं तेच, लाभ, दोन, तीन. जिनिंगवरचं कुत्रं, मोती, माह्यासंगं फिरे. पंधरा दिवसानं मोती गोदामाच्या कोपऱ्यावर थांबायले लागला. पुढं येईच ना. बसून राहे आन पाहे. म्या पुढं गेल्यावरही त्याचे डोळे माह्यावर नसत, माह्या मागं कोनी चालत असावं तशी त्याची मान फिरे.

मंग मले पावलं ऐकू येऊ लागले. टिनाच्या शेडमंदी आवाज घुमते, मले माहीत हाये, इतके वर्सं तिथीच काढले. पन माहं पाऊल जड, मी धप धप चालतो, आन हे पाऊल हलकं, चप्पल घासत येनाऱ्या मानसाचं. मी थांबलो की ते दोन पावलं जास्त टाकून थांबे. मी मागं पाहत नव्हतो. मनाले म्हने, डॉक्टरनं चालाले सांगितलं हाये, पाहाले नाई. एका सकाळी पहिली फेरी पुरी व्हायची होती, फाटक अजून धा पावलं लांब होतं, आन मागून कोनीतरी हळूच म्हनलं, लाभ. खोकलं आन पुन्हा म्हनलं, लाभ. तरी मी फाटक शिवलं आन दुसरी फेरी धरली. काऊन म्हनाल, त थांबलो असतो त घरी काय सांगितलं असतं?

काट्याचं त त्याच्याहून इचित्र. आता तो लाल आकड्याचा हाये, बटन दाबलं की शून्य येते. पहिल्या आठवड्यात चालू केला त रिकाम्या पाट्यावर आकडा अडतीस. पाटा पुसला, खालून कचरा काढला, पुन्हा चालू केला, अडतीस. काटे दुरुस्त करनाऱ्याले बोलावलं, तो आला तवा बरोबर शून्य. तो गेला, अडतीस. मंग मी तेच करायले लागलो जे हंगामात रिकाम्या बोऱ्याचं वजन काढायले करतो, बटन दाबून अडतीसचं शून्य करायचं आन वर उभं राहायचं. एकशे साठ, सत्तावन्न, चौपन्न. पोरगी फोनवर इतकी खूश व्हाये, म्हने बाबा, तुम्ही हलके होऊन राह्यले. तो शब्द ऐकला की मी फोन कुसुमकडं देऊन टाके. तिच्यासाठी हलकं होनं म्हनजे वाचनं, आन माह्यासाठी काय ते तुम्हाले समजलंच असन.

तीन महिने भरत आले. शेवटच्या वजनाच्या दिवशी मी ईस फेऱ्या मारल्या, न थांबता. पाट्यापाशी गेलो, अडतीस दिसून राह्यलं होतं. त्या दिवशी मी बटन नाई दाबलं. तसाच वर चढलो. आकडा आला एकशे अठ्ठ्याऐंशी. खांद्यापाशी थंडगार वाटे, उन्हाळ्याचे दिवस असून. मी समोर पाहतच म्हनलं, काका, चुकलो मी. पोरगं होतो, अक्कल नव्हती. तुम्हाले लोकाइसमोर उचलायले नव्हतं पाह्यजे. इतके वर्सं हे तोंडातून निघालं नव्हतं, निघालं त रडूच फुटलं. आकडा हालला. हळूहळू उतरला, आन दीडशेवर येऊन थांबला. मागं पाह्यलं त कोनी नाई, मोती शेपूट हालवत फाटकाकडं पाहून राह्यला होता. मले वाटलं, सुटलो. काकाही सुटला.

चार दिवसानं शहरात डॉक्टरकडं गेलो. तिथली पोरगी कागदात पाहून लिहीत होती, म्हने काट्यावर उभे राहा. उभा राह्यलो. तिनं मशीनकडं पाह्यलं आन मान वर न करताच म्हनली, काका, तुमच्या मागे जे उभे आहेत त्यांना खाली उतरायला सांगा, वजन चुकतंय. मागं कोनी नव्हतं, भाऊ. पल्लवी दारापाशी, चांगली पाच-सात हात लांब. मनातल्या मनात म्हनलं, उतरा काका. ती पोरगी म्हने, हां, आता बरोबर, दीडशे. डॉक्टर खूश झाले, पाठीवर हात ठेवला, सोमवारची तारीख देली.

आता मी जरा सहज चालतो, दोन मजले चढतो, तीनही गोळ्या वर जाते. भूत हाये का माहं डोकं फिरलं हाये ते तुम्ही ठरवा, मी वाद नाई घालत. काका घ्यायले आला का सोबतीले आला हेही मले कळलं नाई. मराची भीती तशी कमी झाली. भीती हाये ती पल्लवीची. रात्रंदिवस मागं लागून तिनंच मले तयार केलं. उद्या टेबलावर काई कमी-जास्त झालं, त डॉक्टर तिले सांगतीन की रोगच तसा होता, आन लोकही सांगतीन. ती मान हालवीन. पन आतमंदी जन्मभर म्हनत राहीन, बाबाले मीच तिथी नेलं. ते म्हननं कसं असते हे माह्याइतकं कोनाले माहीत? मानूस आतून कुजते, भाऊ.

म्हनून तुम्हाले बोलावलं. मी परत आलो त हे मलेच वाचून दाखवा, दोघं चहा पिऊ न हसू. नाई आलो त पोरीले वाचून दाखवा. काट्याचं न पावलाचं तिले पटनार नाई, ती शिकलेली हाये, ते वाटलं त गाळून टाका. पन एवढं माह्या तोंडचं जसंच्या तसं ठेवा. देव तिचं भलं करो, तिच्या हातून लोकाइचे जीव वाचो. बाप ईस फेऱ्या चालून, दीडशेवर येऊन, आपल्या मनानं गेला. तिनं नेलं नाई. मी गेलो.