चारशे सदुसष्ट तास

मिस्त्री : ...आवाजाचे नंतर पाहू. आधी हे टायर बघ. मधल्या रबरी गुट्ट्या साफ झिजल्या आहेत आणि कडेच्या अजून कोऱ्या. डोंगरात, चिखलात चालणाऱ्या मोटारसायकलची अशी अवस्था मी प्रथमच पाहत आहे. कुठे कुठे फिरवलीस?

बहीण : कुठे फिरवणार काका? घर ते चष्म्याचं दुकान, दुकान ते घर. मध्ये सहा सिग्नल. दोन वर्षं झाली, सुट्टीचा वार सोडला तर एक दिवस खाडा नाही.

मिस्त्री : रोज? हिच्यावर?

बहीण : दादा परदेशी निघाला तेव्हा म्हणाला होता, "बंद ठेवू नकोस, चालवत राहा. आलो की डोंगरावर काढतो." मी शब्द पाळला. अंगात ताप असतानासुद्धा.

मिस्त्री : आणि इंजिनचे तेल?

बहीण : दर तीन हजार किलोमीटरला. आईच्या स्कूटरचं करतो तसंच. एकदाही चुकवलं नाही.

(मिस्त्री हातातील पाना पुसून खाली ठेवतो.)

बहीण : पाना खाली का ठेवलात? काय झालंय हिला?

मिस्त्री : या जातीच्या इंजिनाचे वय किलोमीटरवर मोजत नाहीत, पोरी. तासांवर मोजतात. हँडलजवळचा हा लहानसा आकडा वाच.

बहीण : चारशे सदुसष्ट. मला वाटायचं, ते घड्याळ बिघडलंय.

मिस्त्री : तेल दर पंधरा तासांनी बदलायचे असते. पिस्टन शंभर तासांनी. तुझ्या हातात आली तेव्हा हिचे साठ झाले होते.

बहीण : पण हिने दगडधोंड्यांवरून उड्या मारल्या आहेत! मला वाटलं, सपाट रस्ता म्हणजे हिला आरामच.

मिस्त्री : तिथेच चुकलीस. मातीत मागचे चाक थोडे घसरते आणि त्या घसरण्यात झटका विरून जातो. डांबर चाकाला धरून ठेवते. मग प्रत्येक झटका साखळीतून थेट गिअरमध्ये शिरतो. त्यात सिग्नलला उभी राहिली की वारा नाही, पंखा नाही. आतल्या आत तापत राहते. दणकट आहे म्हणून वाटेल ते सोसेल, असे नसते.

बहीण : तुम्ही पुस्तकासारखं बोलायला लागलात की मला जास्त भीती वाटते. सरळ सांगा ना. गेली का?

मिस्त्री : गेली नाही. पिस्टन, बेअरिंग, सगळे नवे घालू. परंतु त्यानंतर तुला एक काय ते ठरवावे लागेल. रोज रस्त्यावरच न्यायची असेल, तर टायर रस्त्याचे घालतो, मागचे दातेरी चक्र बदलतो, पंखा बसवतो. मग ती शहरातली गाडी झाली. डोंगराचे नाव काढायचे नाही. नाहीतर दुरुस्त करून झाकून ठेवू, तो येईपर्यंत.

बहीण : झाकून कशी ठेवू? संध्याकाळी मी फाटकाशी आले की आई गाडीचा आवाज ऐकून आतून म्हणते, "दादा आला बघ." मग मला बघून म्हणते, "तू होय." रोज, काका. अजूनही.

मिस्त्री : मग त्यालाच विचार. गाडी त्याची, शब्द त्याचा.

बहीण : विचारलं. रविवारी फोन आला होता. म्हटलं, दादा, गाडी टकटक करतेय. तर म्हणाला, "कुठली गाडी?"

मिस्त्री : चेष्टा केली असेल. पहिल्यापासून वात्रट आहे तो.

बहीण : मीही हसले. मग म्हणाला, "अगं, आहे का ती अजून? मला वाटलं, विकली असेल." आणि तिकडच्या घराचं सांगत बसला. दोन खोल्या घेतल्यात. खिडकीतून बंदर दिसतं म्हणे.

मिस्त्री : हिचा एकेक नट मी त्याला ओळखायला शिकवला. डोळे मिटून कार्बोरेटर उघडायचा. माझी काही चौकशी केली का त्याने?

बहीण : काका...

मिस्त्री : असू दे. केली असती तर आल्याआल्या सांगितले असतेस. तर मग रस्त्याचे टायर मागवू ना?

बहीण : नको. मातीचेच घाला, नवे.

मिस्त्री : आणि डोंगरावर नेणार कोण?

बहीण : मला सोमवारी सुट्टी असते. एरवी दुकानात बसने जाईन.

मिस्त्री : आईचे काय?

बहीण : सोमवारीही गाडी कोपऱ्यावरच बंद करेन, चालत येऊन फाटक उघडेन. आवाज ऐकून तिला दादा आल्यासारखं वाटणार नाही.

मिस्त्री : मातीवर कधी चालवली आहेस का तू?

बहीण : नाही. तुम्ही शिकवाल?

मिस्त्री : माझे गुडघे गेले आता. काठावर उभा राहून ओरडेन, तेवढे जमेल. पहिली गोष्ट, सीटवर बसायचे नाही. पाय ठेवायच्या खुंट्यांवर उभे राहायचे, अंग सैल. दहा मिनिटांत पाय थरथरू लागतील. तुझ्या दादाचेही पहिल्या दिवशी...

बहीण : दादाचं राहू द्या, काका. नजर कुठे ठेवायची, ते सांगा.