कागद तडतडला होता

वहिनी, आणि बालाजी घाटावर जमलेल्या मंडळींनो, मला आज सदूभाऊंच्या तेराव्याला धड बोलता येणार नाही. बसवतही नाही, म्हणून उभा राहिलोय.

सदूभाऊ रेल्वेतून रिटायर झाले आणि माझ्या रेशीम रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायला आले. मोटरबोटींच्या इंजिनांतलं वापरून काळं झालेलं तेल इथे काशीत काही नाववाले सरळ गंगेत ओतायचे. सदूभाऊ घाटोघाट फिरले. म्हणाले, “हमको दे दो, मी जाळतो.” ते तेल आमच्या बॉयलरमध्ये जळायला लागलं. नदी वाचली, माझं डिझेल वाचलं. शाबासकी मात्र मीच घेत हिंडलो.

त्यांची एक शिस्त होती. तेल आलं की ड्रम तीन दिवस हलवायचा नाही. पाणी तळाशी बसतं, ते खालच्या तोटीने काढून टाकायचं. मग कागदाची सुरळी तेलात बुडवून पेटवायची. तडतडली की मला म्हणायचे, “विनू, अभी पानी है.” विषय संपला. त्या दिवशी ते तेल पेटायचं नाही.

त्या सोमवारी लग्नाच्या साड्यांचं रेशीम रंगवायचं अडून राहिलं होतं. ड्रम सकाळीच आलेला. माझ्या घाईपायी सदूभाऊंनी तेव्हाच सुरळी पेटवली. तडतडली. मी शेजारीच होतो. मी ऐकलं.

“गुरुवारी बघू,” ते म्हणाले.

आणि मी काय म्हणालो? “भाऊ, तुमचे रेल्वेचे नखरे पुरे. आज रंग निघालाच पाहिजे.”

 त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बॉयलर पेटवला. तेलातल्या पाण्याने ज्योत विझली. पुन्हा पेटवायला गेले, तर आत साचलेल्या तेलाच्या वाफांचा भडका उलटा त्यांच्या अंगावर आला. तिसऱ्या दिवशी ते गेले.

चौकशीला सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर साहेब आले. ‘ऑपरेटरची चूक’ असं त्यांनी लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो मंडळी, मी होकाराची मान हलवली. तेव्हापासून जिवाला चैन नाही. ताटावर बसतो, उठतो. घाटाच्या पायऱ्या उतरतो, परत चढतो.

वहिनी, गल्लीत लोक तुम्हाला सांगतात, वय झालं होतं, हात चुकला. नाही. त्यांचा हात चुकला नाही. त्यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. उद्या सकाळी मी हेच साहेबांना लिहून देणार आहे. मला माफ करा, असं मी म्हणणार नाही. तेवढा हक्क मला उरलेला नाही.

सदूभाऊ, हा माझा नमस्कार.

आता दोन मिनिटं तुम्ही सगळे उभे राहून शांत राहा. मी बारा दिवस शांतच होतो.