सटवीच्या आधीची चिठ्ठी

माझं नाव कोंडाबाई, मी पाथर्डीकडची, सुईनपन आईकडनं आलं आन दर साली दसरा झाला की बैलगाडीत भांडीकुंडी घालून पुनतांब्याकडं ऊस तोडाय जानं सासरकडनं आलं. काय सांगू तुमाला, धाकटी दोन लेकरं माझी, दोनी आठव्या दिवशी गेली, दूध वढंनात, अंग लाकूड झालं. सटवीनं कपाळी एवढंच लिवलं हुतं म्हनले सगळे, मी बी म्हनले.

मग गावात नर्सबाई याय लागली, थर्मासात बरफ आन त्यात औषदाच्या बाटल्या. इचारलं तिनं, नाळ कशानं कापता मावशी. इळ्यानं, म्हनलं, गवताचा इळा, त्योच मग बाळाच्या उशाला ठिवायचा, वाईट वंगाळ जवळ येऊ नाय म्हनून. ती म्हनली धनुर्वात त्या इळ्यावरनंच येतो, पातं उकळून घ्या, आन पोटुशीला म्हैन्याच्या अंतरानं दोन सुया टोचा. लई राग आला मला, नर्सबाईचा न्हाई, माझा मलाच. माझ्याच हातानं कापली हुती की मी दोघांची. तवापासनं तिच्याबरुबर दारोदार फिरले. बाया म्हनायच्या, ही पोरं बंद करायची सुई हाय. म्हनलं, पयली माझ्या सुनंला देते, मग बोला.

सुनंला, पारूला, पयली सुई झाली आन दसरा आला. दुसरीच्या वक्ताला आमी उसाच्या फडात. नर्सबाई म्हनली, तिकडं माझी हद्द न्हाई मावशी. म्हनलं, बाई, सटवीला हद्द हाय का? तवा तिनं सुई घेतलेल्या समद्या बायांना नाव-तारीख घालून चिठ्ठ्या लिवून दिल्या.

म्हैना भरला तशी पारू धरून टोळीतल्या चौघी पोटुशा घेऊन मी तिथल्या दवाखान्यात गेले. कंपाउंडर म्हनला तुमची नावं आमच्या वहीत न्हाईत, तुमच्या गावाला जावा. गाव तर कोयत्यामागं हितंच आलंय की, म्हनलं, आन बसले पायरीवर, चौघींना बी बसवलं. दुपार झाली, फडात मोळ्या तशाच पडलेल्या, मुकादम तनतनत आला, उठा न्हाईतर टोळीतनं काढीन. काढ, म्हनलं, मोळी उद्या बी बांधता येती. शेवटाला डाक्टर भाईर आले, चिठ्ठ्या वाचल्या आन कंपाउंडरला म्हनले सुया उकळाय ठेव.

पारू फडाकडच्या पाचटाच्या झोपडीत, आमच्या कोपीतच बाळंत झाली. नाळ उकळल्या पात्यानं कापली, इळा उशाला ठिवला, त्यो ऱ्हाऊ द्या, त्याचं काम त्यो करील. आठव्या दिवशी मी फडात गेलेच न्हाई, पोराच्या तोंडाकडं बघत बसले. भुकेनं त्यो वरडला आन दूध वढाय लागला, तवा मी रडले, आधीच्या दोघांचं बी तवाच रडून घेतलं.

आता त्यो रांगतोय. औंदा बी समद्या पोटुशांच्या चिठ्ठ्या माझ्या पदराला बांधल्यात, मगच गाड्या जुपू दिल्या. मुकादमाला सांगून ठिवलंय, दवाखान्याची पायरी मला ठावं हाय. सटवीनं काय लिवायचं ते लिवावं, तिला अडवनारी मी कोन, पर आदी आमची चिठ्ठी वाचावी आन मग लिवावं.