झाकण उघडलं की चालू

लॅपटॉपचा विषय निघालाच आहे तर ऐका. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आमचं आडतीचं दुकान. तिथला जुना कॉम्प्युटर चालू व्हायला लई वेळ घ्यायचा, म्हणून मी वडिलांना, आमच्या अप्पांना, घेऊन लातूरला लॅपटॉप आणायला गेलो.

दुकानदार म्हणाला, "अप्पा, ह्याला इन्स्टंट ऑन हाय. झाकण उघडलं की चालू."

"म्हणजे झाकलं तरी बंद होत न्हाई?"

"न्हाई, नुसता झोपतो."

"मग रातभर लाईट खात आसंल की."

"किरकोळ खातो. पण सकाळचा वेळ किती वाचतो बघा."

"वाचलेल्या वेळात काय करू?"

"निवांत चहा घ्या."

"रोज सकाळी तेच तर करतोय की," अप्पा म्हणाले.

दुकानदार हसला. मला मात्र कळलं. कॉम्प्युटर चालू होईपर्यंत समोरच्या दुकानातले शिवाप्पाकाका रोज चहाला आमच्याकडं येऊन बसायचे. सोयाबीनचा भाव, गुडघेदुखी, पोरींची स्थळं, सगळं तेवढ्यात बोलून व्हायचं.

"तुला वापरायचाय, तू बघ," म्हणत अप्पांनी तोच घेऊ दिला.

आता अप्पा न्हाईत. सकाळी मी झाकण उघडतो अन् स्क्रीन लगेच उजळते. शिवाप्पाकाका दुकानाच्या पायरीपर्यंत येतात, तो उजेड बघतात अन् म्हणतात, "काम चालू झालं व्हय? कर बाबा, कर."

मी "बसा की काका" म्हणेपर्यंत ते माघारी वळलेले असतात.