कुंकू लागलेली मोटार

राजेहो, आमच्या बाबांनी नागपूरच्या एका सायबाची जुनी मोटार घेतली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ती आमच्या सोनाळ्याच्या वेशीवर निंबाच्या झाडाले ठोकली. तिचं नाक पार आत गेलं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. बाबा म्हणे, "ने बाबा, बला टळू दे!"

तेवढ्यात आई बैल ओवाळून मोटारीलेही कुंकू लावून ओवाळाले लागली.

बाबा म्हणे, "हे काय करून राह्यली?"

"लंगडा बैल ओवाळता न? मंग हिले काऊन नाही?"

भंगारवाल्यानं हातोडा खाली ठेवला. "मालक, कुंकवावर घाव कसा घालू?"

बाबा वरडले, "बैल जुंपा रे! खामगावच्या मिस्त्रीकडे नेतो हिले."

आई म्हणे, "उद्या न्या. आज पोळा हाय. बैलाले सुट्टी, अन् हिलेही."